अकरा हजारांची जुनी दुर्बीण आणि पहिले सहा आठवडे

२४ नोव्हेंबर २०२४ ला पुण्याहून एक जुनी दुर्बीण घरी आणली. भिंगाची, म्हणजे पुढे मोठं भिंग आणि मागे डोळा लावायचं छोटं भिंग, म्हणजे आयपीस, असलेली. भिंगाचा व्यास ९० मिलिमीटर, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर, खाली विषुववृत्तीय माउंट (नळी धरणारा आणि ताऱ्यांच्या फिरण्याबरोबर फिरवता येणारा भाग) आणि ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. वय बारा वर्षं. आज ८ जानेवारी २०२५. घ्यायच्या आधी मला कोणी नीट सांगणारं भेटलं नव्हतं, म्हणून हे सगळं तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

मी सोलापुरात राहते आणि जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांना शनीची कडी फळ्यावर काढून दाखवताना दर वर्षी वाटायचं की हे एकदा खरंखुरं दाखवलं पाहिजे. नवी चांगली दुर्बीण माझ्या आवाक्याबाहेर होती आणि हजार-दोन हजारांची खेळण्यातली घ्यायची नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत एका ओळखीच्या आकाशप्रेमींकडून कळलं, की पुण्यात एक काका त्यांची दुर्बीण विकणार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता गच्चीवर चढवत नाही. सांगितलेली किंमत पंधरा हजार.

आरशाची घ्यावी की भिंगाची, यावर आठवडाभर विचार केला. त्याच पैशांत आरशाची मोठ्या व्यासाची मिळते आणि अंधुक गोष्टी तिच्यातून जास्त दिसतात, हे खरं. पण आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, नळी पुढून उघडी असते आणि आमच्याकडची धूळ काय असते ते उन्हाळ्यात सोलापूरला येऊन गेलेल्या माणसाला सांगायला नको. मला ती शाळेपर्यंत न्यायची होती. बंद नळीची, न्यायची, लावायची आणि बघायची अशी हवी होती. चंद्र, ग्रह आणि जोडतारे एवढं मिळालं तरी माझ्या कामाचं होतं.

लगेच जाता आलं नाही, कारण विधानसभेची निवडणूक. दोन प्रशिक्षणं झाली, १९ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान. काकांना फोन करून सांगितलं, "काका, निवडणूक ड्युटी संपली की येते, तोपर्यंत थांबाल का?" ते म्हणाले, "बारा वर्षं माझ्याकडे आहे, आणखी दहा दिवसांनी काय होतंय? सावकाश या." हा माणूस घाई करत नाही, तेव्हा वस्तूही नीट बघू देईल, असं वाटलं आणि तसंच झालं.

रविवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले. सोबत एक टॉर्च, मोजपट्टी आणि वहीत लिहिलेले प्रश्न.

जुनी भिंगाची दुर्बीण बघताना सगळ्यात आधी काच बघायची, आणि काच बघायची ती टॉर्चने. खोलीत अंधार करून काकांनी नळी आडवी धरली आणि मी पुढच्या भिंगावर तिरका उजेड टाकला. असा उजेड टाकला की पहिल्यांदा कोणालाही धक्काच बसेल, कारण प्रत्येक कण चमकतो. धुळीला घाबरायचं नाही. ती वरची असते आणि चित्रात दिसत नाही. घाबरायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या पांढुरक्या डागाला. ती बुरशी. ओलसर हवेत दुर्बीण पेटीत बंद राहिली की ती धरते आणि एकदा काचेवरचा लेप खाल्ला की डाग पुसूनही जात नाही. वस्तुभिंग दोन काचांचं असतं. बुरशी त्यांच्या मध्ये असली तर घरी उघडायचं धाडस करू नये, कारण दोन्ही काचांमधलं अंतर आणि त्यांची एकमेकींशी असलेली जुळणी कारखान्यात ठरलेली असते.

आमच्या भिंगाच्या अगदी कडेला असा एक डाग निघाला, मसुराच्या दाण्याएवढा. काकांनी तो लपवला नव्हता, फोनवरच सांगितलं होतं. मी तिथेच हिशोब केला. डाग ३ मिलिमीटरचा, भिंग ९० चं. व्यासाच्या तिसाव्या भागाएवढा, म्हणजे क्षेत्रफळाच्या नऊशेव्या भागाएवढा. एवढ्याने काही बिघडत नाही. तो वाढू नये म्हणून नळी कोरडी ठेवायची, आणि कोरडेपणाची सोलापुरात कमी नाही.

मग नळी खिडकीत ठेवून लांबच्या विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे पांढरे इन्सुलेटर पाहिले. कडा स्वच्छ, बाहेरच्या बाजूला जांभळट रेघ. ती रेघ या जातीच्या दुर्बिणीत असतेच. दोन काचांचं साधं भिंग सगळे रंग एकाच बिंदूवर आणू शकत नाही. ज्यात ती जवळजवळ दिसत नाही अशा भिंगांची किंमत ऐकूनच मी वही मिटली होती.

काच पास झाली, पण बाकीचं तसं नव्हतं. नळीचा तोल सांभाळणारं माउंटचं वजन, ज्याला काउंटरवेट म्हणतात, ते घर बदलताना हरवलेलं. फाइंडर, म्हणजे नळीवर बसवलेलं नेम धरायचं छोटं साधन, त्याची पट्टी मोडलेली. माउंटचा एक अक्ष इतका जड फिरत होता की दोन्ही हात लावावे लागले. हे सगळं धरून काकांनी अकरा हजार घेतले. बिल त्यांच्याकडे उरलं नव्हतं. मी एका कागदावर वस्तूंची यादी, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घेतल्या. जुनं काही घेताना हे करावं. अविश्वास म्हणून नाही, प्रवासात कोणी विचारलं तर दाखवायला कागद असावा म्हणून.

आणि विचारलंच. पुणे स्टेशनवर सामान तपासणीच्या यंत्रातून नळी गेली आणि जवानाने बाजूला घेतलं. दोन सोलापुरी चादरींत गुंडाळलेली तीन फुटांची नळी, त्यांचंही बरोबरच होतं. चादरी सोडल्या, झाकण काढून भिंग दाखवलं, कागद दाखवला. पाच मिनिटांत सुटले. तुम्ही आणणार असाल तर गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि बांधणी अशी करा की सोडायला-बांधायला सोपी जाईल. कुरिअरचा विचार मी केलाच नव्हता. नळी आपटली तर भिंगाची जुळणी हलते आणि भांडायचं कोणाशी? परतीच्या हुतात्मात ती वरच्या फळीवर न ठेवता गुडघ्यांत उभी धरली. ट्रायपॉड आणि माउंट गोणीत घालून सीटखाली. रात्री दहाच्या सुमारास सोलापूर.

घरी माझे सासरे, अप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडेपर्यंत तिथे लूम खात्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा माणूस. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते गोणीतून काढलेल्या माउंटकडे बघत बसले होते. संध्याकाळी परत आले तर माउंट जुन्या वर्तमानपत्रावर सुट्ट्या भागांत मांडलेला. माझ्या पोटात गोळा आला. अप्पा म्हणाले, "घाबरू नको गं. ज्या क्रमानं काढलंय त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडं ठेवलंय. हे बघ, आत वर्म हाय आन् वर्मवर चाक. मागावर कापड गुंडाळायला असलंच असतंय की."

वर्म म्हणजे दातेरी चाक फिरवणारा स्क्रूसारखा दांडा. जड फिरण्याचं कारण तिथे दिसलं. आतलं ग्रीस बारा वर्षांत गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून वाटीत डिझेल घेऊन जुन्या टूथब्रशने अप्पांनी एकेक दात धुतला. मी उजेड धरला. पितळी वर्म धुऊन पांढऱ्या कपड्यावर ठेवल्यावर सोन्यासारखा झळकला. दोन दिवस तसंच वाळू दिलं, मग दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेलं पांढरं ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर येईल तेवढंच. जोडताना वर्म आणि चाक यांच्यात किती सैल ठेवायचं, हे अप्पांनी कानाने ठरवलं. घट्ट केलं की अडकतं, सैल सोडलं की नॉब फिरवल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम उडी मारतं. त्यांनी स्क्रू पाव-पाव फेरा फिरवला, दर वेळी नॉब फिरवून ऐकलं, आणि एका जागी थांबले. "हितं." आता तो अक्ष एका बोटाने फिरतो. मिल सुटल्यानंतर अप्पांना एवढं रमलेलं मी पाहिलं नव्हतं.

हरवलेलं वजन नवं मागवायचं तर महाग आणि महिनाभर थांबा. अप्पांनी अशोक चौकाच्या बाजूला मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडे नेलं. त्यांच्याशी अप्पा तेलुगूत बोलले. पूर्व भागात पद्मशाली कारागिरांसोबत चाळीस वर्षं काढलेला माणूस, तेलुगू येणारच. ९० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी बारचा ७० मिलिमीटर लांबीचा तुकडा, मधोमध दांडा जाईल एवढं भोक, बाजूने एक कसायचा स्क्रू. मी वहीत हिशोब करून नेला होता, साडेतीन किलोच्या आसपास भरायला हवं. खालच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं तर ३ किलो ४१० ग्रॅम. मजुरी आणि लोखंड मिळून ६५० रुपये. एक सूचना: दांड्याच्या खालच्या टोकाला अडवणारा स्क्रू असतो, तो लावल्याशिवाय वजन कधीही सरकवू नका. खाली आपल्याच पायाची बोटं असतात.

मोडलेल्या फाइंडरच्या जागी लाल ठिपक्याचा साधा फाइंडर १४५० रुपयांना मागवला. आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं, त्यामुळे सोसायटीकडे लेखी अर्ज केला. उत्तर यायला दहा दिवस लागले. अट अशी, की अकराच्या आत खाली यायचं आणि किल्ली घेताना-देताना वहीत सही करायची. ठीक आहे.

तोवर आकाशही गेलं होतं. ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ फेंगल वादळ धडकलं आणि त्याचे ढग पुढचे चार-पाच दिवस आमच्या डोक्यावर. याचा एक फायदा झाला. दिवसा, ढगाळ हवेत, गॅलरीतून फाइंडर जुळवून घेतला. लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा आधी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणायचा, मग फाइंडरचा ठिपका त्यावर बसवायचा. रात्री अंधारात हे करत बसलात तर पहिली रात्र त्यातच जाते. आणि दिवसा नळी बाहेर असेल तेव्हा ती सूर्याच्या दिशेला चुकूनही फिरू देऊ नका. घरात लहान मूल असेल तर झाकण लावूनच ठेवा. या दुर्बिणीतून क्षणभर सूर्य पाहिला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

८ डिसेंबर, रविवार. आकाश धुतल्यासारखं. सूर्य मावळताच वर गेलो. तेव्हा उत्तर कुठली, हा पहिला प्रश्न आला. या माउंटचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, आणि आमच्या उत्तरेला नेमकी शेजारच्या इमारतीची टाकी. होकायंत्राने उत्तर धरली, माउंटवरचा काटा १८ वर ठेवला. नुसतं बघायला एवढं पुरतं. पण दुसरी अडचण वहीत नव्हती. माउंट एवढा खाली झुकला, की नवं वजन फिरताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटायचं. पुस्तिकेतली चित्रं चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांची. उत्तरेला पाय ठेवण्याऐवजी दोन पायांमधली फट उत्तरेला केली, तेव्हा सुटलं. दक्षिण महाराष्ट्रात असा माउंट घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

आधी नैऋत्येचा शुक्र. ३६ पट, मग ९० पट. पूर्ण गोल नाही, अर्ध्याहून थोडा फुगीर, आणि भोवती गडद जांभळी झालर. मग चंद्र, अष्टमीच्या सुमाराचा. जिथे उजेड संपतो त्या रेषेवर विवरांच्या सावल्या एवढ्या काळ्या, की शाईने भरल्यासारख्या. काठावर पिवळट-जांभळी पातळ रेघ होती, पण आतलं चित्र कुठेही पुसट नव्हतं. चंद्राच्या जवळच, पश्चिमेला, त्या दिवशी शनी होता. फाइंडरचा ठिपका त्यावर नेला, आयपीसला डोळा लावला.

शनी छोटा असतो, हे कोणीतरी आधी सांगायला हवं. ९० पटीतही तो ज्वारीच्या दाण्याएवढा वाटला. पण त्या दाण्यातून आरपार गेलेली एक सरळ पांढरी रेघ. कडी सध्या जवळजवळ कडेवरून दिसतायत. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्यांच्या प्रतलातूनच जाणार आहे, त्यामुळे फळ्यावर काढतो तसा रुंद शनी अजून काही वर्षं दिसणार नाही. तरी मी बराच वेळ बाजूला झाले नाही. अप्पांना स्टुलावर बसवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एका हाताने चाचपून नॉब शोधला आणि हळूहळू फिरवायला लागले, शनी निसटू नये म्हणून. ९० पटीत तो दोन मिनिटांत एका काठाकडून दुसऱ्या काठाला जातो. अप्पांनी त्याला दहा मिनिटं जागचा हलू दिला नाही.

त्या रात्रीची खरी तक्रार थरथरीची होती. पूर्वेला रोहिणीजवळ गुरू वर आला होता, आदल्याच दिवशी प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं) झालेली, पृथ्वीपासून साधारण ६१ कोटी किलोमीटर. फोकस करायला नॉबला हात लावला की गुरू आणि त्याच्या शेजारचे चंद्रांचे ठिपके नाचायचे. नळीवर टिचकी मारून मोजलं, थांबायला पाच सेकंद. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत ढकलले, उभं राहण्याऐवजी स्टुलावर बसून पाहिलं आणि मधल्या तबकाला पाच लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन टांगला. आता दोन सेकंद. गुरूवरचे दोन करडे पट्टे तेव्हाच पहिल्यांदा दिसले. आधीही ते होतेच, थरथरीत हरवले होते. म्हणून मला वाटतं, जुनी दुर्बीण घेताना भिंगाला जेवढा वेळ देता तेवढाच खालच्या माउंटला द्या. मी पुण्यात काचेसमोर तासभर होते आणि ट्रायपॉडचे पाय उघडूनही पाहिले नव्हते.

उतरायच्या आधी ब्रह्महृदयावर भिंगाची परीक्षा घेतली. तारा फोकसच्या थोडा आत, मग थोडा बाहेर न्यायचा. दोन्हीकडे एकात एक बसलेली गोल कडी दिसली, तिरकी नाहीत, अंडाकृती नाहीत. भिंग प्रवासात हललं नव्हतं. खाली येऊन पावणेअकराला सही केली.

दुसऱ्या दिवशी चंद्राचा नकाशा घेऊन बसले. टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही एका ओळीतली तीन विवरं सापडायला अर्धा तास गेला, कारण आयपीसच्या आधीच्या आरशामुळे चित्र सरळ असतं पण डावं-उजवं उलटं. फोनमधला नकाशा आडवा उलटवून घेतला, मग भराभर सापडायला लागली.

शाळेसाठी मुख्याध्यापकांना पत्र, पालकांची संमतीपत्रं आणि मुलांना परत घरी कोण नेणार याची यादी. ४ जानेवारी, शनिवार ठरला. आदल्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती होती, त्या कार्यक्रमातच सांगून टाकलं. पंचमीची कोर, शेजारी शनी, खाली शुक्र. महिन्याभरात शुक्र जवळजवळ बरोबर अर्धा झाला होता. वहीतल्या डिसेंबरच्या चित्राशेजारी तो काढून मुलांना दाखवला. एकतीस मुलं, एक आयपीस. रांग लावा आणि आयपीसखाली उंचीप्रमाणे दोन स्टुलं ठेवा. नाहीतर लहान मुलं नळीलाच लोंबकळतात.

साडेआठला मृग चांगलं वर आलं. बाणाच्या खालचा तेजोमेघ लावला, मुद्दाम काही सांगितलं नाही. चौथीतल्या एका मुलीने डोळा लावला आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मधी चार बारीक हाईत. आन् भोवतीनं धूर हाय." ते चार तारे वेगळे दिसायला मला स्वतःला गच्चीवर तीन रात्री लागल्या होत्या.

आजवरचा खर्च: दुर्बीण ११,०००, प्रवास ९००, वजन ६५०, फाइंडर १,४५०, ग्रीस-स्क्रू वगैरे २३०. एकूण १४,२३०. फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या भागात, अजून थोडी ढील आहे. वरचे दोन बारीक स्क्रू कसून ती कमी होईल असं अप्पा म्हणतात, पण चित्र बाजूला सरकू न देता ते करायचं आहे, म्हणून रविवारी दिवसा बसणार आहोत. १६ तारखेला मंगळ प्रतियुतीला येतोय. त्याच आठवड्यात सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि शोभेचं दारूकाम, शहरावर धूर असेल. तेव्हा माउंट गोणीत, नळी चादरीत, आणि आम्ही शाळेच्या गावाला मुक्कामाला.